केलरमधली डबी

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

हायत्सुंग परत बंद, घर तापायचं नाव नाही. सकाळी उठले तर रेडिएटर गार दगड. शाल गुंडाळून खाली तळघरात, केलरमध्ये उतरले, गॅसच्या बॉयलरवर, म्हणजे थेर्मेवर, तोच तांबडा दिवा. रिसेट दाबलं. गुरगुरली, पेटली, मी वर येऊन चहा ओतेपर्यंत परत ढप्प. घर आम्हाला विकताना म्हातारी मालकीण म्हणाली होती, "हायत्सुंगची काळजीच करू नका." तिने केली नाही. ती आता मजेत वृद्धाश्रमात आहे, चोवीस तास गरम.

आणि मंगळवारी बाबा येतायत. समीरचे बाबा, कराडहून. आई गेल्यावर पहिल्यांदाच. स.चं म्हणणं, दर हिवाळ्यात इकडे, बाकी तिकडे, असं जमलं तर निदान थंडीचे महिने तरी त्या रिकाम्या घरात एकटे बसणार नाहीत. मलाही हवंय. खरंच हवंय. पण बाबांनी फोनवर स्पष्ट सांगितलंय, "एकदा येऊन बघतो. मग ठरवू." म्हणजे ही खेप म्हणजे ट्रायल. आणि ट्रायलला घर गार.

स. सोमवार ते गुरुवार एश्बॉर्नला क्लायंटकडे. म्हणजे हायत्सुंग माझ्याच गळ्यात.

२ डिसेंबर, मंगळवार

बाबा आले. फ्लाइट वेळेवर, बॅगा वेळेवर, फक्त बाबा नाराज. मुंबईला सिक्युरिटीवाल्याने हातातल्या बॅगेतून त्यांचा टेस्टर काढून घेतला. पेनासारखा, आत दिवा लागणारा. वीज मंडळातली सगळी नोकरी तो त्यांच्या शर्टाच्या खिशाला होता, रिटायर झाल्यावरही तिथेच. विमानतळ ते घर, एकच विषय. "अगं, त्याने मी काय विमान पाडणार होतो का?"

इथे मिळेल ना, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, इथे कशाला लागतोय तुम्हाला? आराम करा.

आमची इरा आधी सोफ्यामागे, मग थेट मांडीवर. चार वर्षांची झाली तरी मराठी फक्त कानाने. आजोबा मराठीत विचारतात, ही जर्मनमध्ये उत्तर देते, दोघांचं मस्त चाललंय. मध्ये मी उगाच भाषांतर करायला गेले तर दोघांनीही गप्प केलं.

बाबा जेवायला बसले ते कानटोपी घालून. मी बघितलं. मी बघितलेलं त्यांनी बघितलं. "होईल सवय," म्हणाले. लाज वाटली.

४ डिसेंबर, गुरुवार

हायत्सुंगवाला अखेर उगवला. उंच, घाईत, बूट न काढता. थेर्मेचं झाकण उघडलं, मीटर लावलं, बंद केलं. म्हणे थेर्मेला काही झालेलं नाही. मग वॉशिंग मशीनच्या मागे वाकून भिंतीवरची वायरींची डबी उघडली, आत टॉर्च मारला आणि शिट्टी वाजवली. आतला एक जोड जळून काळा. वीज येते, तुटते, येते, तुटते. म्हणून थेर्मे बंद पडते.

मी म्हटलं, मग करा ना नीट.

"हे एलेक्ट्रिक आहे. माझं नाही."

वायर तुमच्याच थेर्मेला जाते ना?

त्याने हवेत हाताने रेघ मारली. रेघेच्या अलीकडे तो, पलीकडे एलेक्ट्रिकर. घरातली वायरिंग त्याच्या जन्माआधीची आहे, तिला तो बोट लावणार नाही. थेर्मे बंद केली, वर पिवळा स्टिकर चिकटवला, चालू करू नये. गेला. केलरमध्ये त्याच्या बुटांचा चिखल, तो मात्र माझ्या बाजूचा.

बाबा सगळा वेळ हात मागे बांधून उभे. जर्मन एक अक्षर कळत नाही, पण डबीत डोकावून घेतलं होतं.

"जोड जळलाय नुसता. अर्ध्या तासाचं काम. हा पळाला का?"

त्याचं काम नाही ते, बाबा. एलेक्ट्रिकर लागतो.

"मग मी कोण आहे?"

हसून म्हणाले. मीही हसले. विषय संपला असं मला वाटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

दिवसभर फोन. ऑफिसच्या कॉफी कॉर्नरमध्ये उभी राहून एलेक्ट्रिकरांच्या विनवण्या. एक म्हणाला, थेर्मेची लाइन? ते हायत्सुंगवाल्याचं काम. म्हटलं, त्यानेच तुमच्याकडे पाठवलंय. "मग त्याने चुकीचं पाठवलं." एकजण नवीन ग्राहक घेत नाही. एकीकडे नुसतं संगीत. शेवटी एका बाईने कॅलेंडर उघडलं आणि टेर्मिन दिला, म्हणजे यायची तारीख, ड्राइ-क्योनिगच्या सणानंतर. म्हणजे जानेवारीत. म्हटलं, घरात लहान मूल आहे, वयस्कर माणूस आहे, बाहेर शून्याखाली आहे. "हो, ते सगळेच सांगतात."

धन्यवाद म्हणून फोन ठेवला. धन्यवाद का म्हटलं मी?

गंमत म्हणजे माझी नोकरीच ही. गेर्लिंगेनला बसून गाड्यांच्या ब्रेकमध्ये काय काय चुकू शकतं याचा दिवसभर विचार करायचा, आणि चुकलं तर कोण मरेल हे लिहून काढायचं. घरी आले तर एक डबी मला नाचवतेय.

६ डिसेंबर, शनिवार

आज निकोलाउसचा सण, रात्री मुलांच्या बुटात खाऊ येतो. इराच्या बुटात चॉकलेट. बाबांच्या बुटातही तिने एक ठेवलं, त्यांनी तो तसाच पायात घातला. सकाळभर हसणं.

दुपारी बाउमार्क्टला, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात, इलेक्ट्रिक हीटर आणायला. बाबा वायरींच्या रांगेत शिरले ते बाहेरच येईनात. चेहरा एकदम उजळलेला. प्रत्येक वस्तू हातात घेऊन वळवून बघत होते. एक टेस्टर उचलला, टोक बघितलं, मूठ बघितली, ट्रॉलीत ठेवला. मी तो काढून परत हुकाला लावला.

"असू दे गं. आपला असावा एक घरात."

नको बाबा. तुमच्या हातात टेस्टर आला की तुम्ही त्या डबीपाशी जाणार, मला माहितीये.

स. फोनमध्ये बघत उभा. त्याला ऐकू आलं नाही म्हणे.

७ डिसेंबर, रविवार

भांडण. म्हणजे आमच्या घरात जेवढं होतं तेवढंच. बाबांनी नाश्त्याला विषय काढला. एक डबी, तीन वायरी, सगळं आयुष्य त्यातच गेलंय, फ्यूज काढतो आणि करून टाकतो, गॅसला हात लावणार नाही, ते आपलं काम नाही. मी समजावलं, इथे फक्त नोंदणी असलेल्याने करायचं. आपण केलं आणि काही झालं तर इन्शुरन्स एक दमडी देणार नाही.

"मी अकरा हजार व्होल्टच्या लाइनखाली उभा राहिलोय, मृणाल."

प्रश्न तुम्हाला येण्याचा नाही, बाबा. परवानगीचा आहे.

"परवानगी," म्हणाले. मग उठून वाळलेले कपडे घड्या घालायला गेले. इराचे मोजे जोडीने लावून ठेवले.

स. मला म्हणतो, जरा वेगळ्या शब्दांत सांगायचं होतंस. मग तू सांग ना वेगळ्या शब्दांत! तुझे वडील आहेत. तू सोमवारी निघून जाणार, सांगणार मी, वाईट मी.

१० डिसेंबर, बुधवार

हीटर आणि ओव्हन एकत्र लावले की फ्यूज उडतो. हीटर आणि किटली लावली तरी उडतो. दिवसातून कितीदा पळायचं त्या पेटीकडे. एकाच खोलीत आम्ही तिघं, दार बंद, दाराखाली टॉवेल. आंघोळीला इंडक्शनवर पातेली. बाबांना त्यात काही वावगं वाटत नाही, मलाच प्रत्येक पातेल्यागणिक राग येतो.

बाबांचा कराडला बहिणीशी व्हिडिओ कॉल चालू होता. मी भाजी चिरत होते. "घर छान आहे गं. पोरगी तर काय, सोनं आहे. गारठा आहे जरा... नाही, परत यायचं काय, बघू. माझ्याने होईलसं वाटत नाही."

कांदा चिरत होते ते बरं झालं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

इराला खोकला. कीटातून, तिच्या पाळणाघरातून फोन, घेऊन जा. कपाळ गरम. डॉक्टर म्हणाली, व्हायरल, आराम, आणि खोली उबदार ठेवा. मी फक्त मान हलवली.

एलेक्ट्रिकरला परत फोन. तीच बाई, तेच कॅलेंडर.

१५ डिसेंबर, सोमवार

काय लिहू. चिडू की रडू की झोपू, काही कळत नाहीये.

इराला घरीच ठेवलं होतं, बाबांजवळ. मला रिव्ह्यू चुकवता येत नव्हता, स. नेहमीसारखा एश्बॉर्नला. संध्याकाळी दार उघडलं आणि चष्म्यावर वाफ आली. घर गरम! इरा नुसत्या टी-शर्टवर जमिनीवर लोळत चित्र काढतेय. बाबा बाह्या सरसावून स्वयंपाकघरात, पिठलं करतायत, कानटोपी खुर्चीवर.

"बस. आधी हातपाय गरम कर. मग बोल काय बोलायचंय ते."

दुपारी हीटर उडाला, इरा झोपेत कुडकुडायला लागली. बाबांनी तिला दोन रजयांत गुंडाळलं आणि केलरमध्ये उतरले. फ्यूज काढला, जळका जोड कापून टाकला, स.च्या टूलबॉक्समधली वायर जोडायची पांढरी पट्टी वापरून नवीन जोड केला. स्टिकर सोलून काढला, तो मात्र नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवलाय.

मी बोलले. बरंच बोलले. आवाज चढला माझा, त्यांच्यासमोर पहिल्यांदा. ते ढवळत राहिले.

तपासलं कसं तुम्ही, टेस्टर नसताना?

"डोळे आहेत ना. जुनी केबल लाल-काळी, थेर्मेची नवीन ब्राऊन-निळी. लाल ब्राऊनला, काळी निळीला, उरलेली अर्थिंगला. यात तपासायचं काय? हे आम्ही नवीन पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो."

मी केलरमध्ये जाऊन थेर्मे बंद करायला हवी होती. उतरलेही. तिथे उभी राहिले, ती शांत गुणगुणत होती, तांबडा दिवा नाही. हात पुढे केला आणि मागे घेतला. वर आले आणि गरम पाण्याने आंघोळ केली.

१७ डिसेंबर, बुधवार

घर गरम. इराचा ताप उतरला. खोकला आहे अजून.

बाबा बदललेत. चालण्यातच फरक पडलाय. स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी घट्ट केली, माझ्या सायकलची चेन पुसली, इराला कागदाचा पंखा करून रेडिएटरवर फिरवून दाखवला. शेजारच्या फ्राउ एच. पार्सल द्यायला आल्या तर त्यांना "गूटन मॉर्गन", सुप्रभात म्हणाले, संध्याकाळी. त्या इतक्या खूश की बिस्किटांचा डबा घेऊन परत आल्या.

जेवताना सहज म्हणाले, "पुढच्या वेळी येताना माझी पक्कड आणतो. तुमच्याकडची अगदीच खेळण्यातली आहे."

पुढच्या वेळी! मी टेबलाखालून स.ला मेसेज केला. त्याने नाचणारी बाहुली पाठवली.

टेर्मिन जानेवारीतला आहेच, तेव्हा तो बघून घेईल. तोपर्यंत चाललंय ते चालू दे. असं मी ठरवलंय. मी, जी ऑफिसात असलं वाक्य कुणी लिहिलं तर लाल शाईने खोडते.

२० डिसेंबर, शनिवार

आधी जसं झालं तसं लिहून काढते.

कपड्यांचा ढीग होता. मशीन लावलं, इरा बरोबर होती. तिला कपडे गरगर फिरताना बघायला आवडतं, दोन्ही हात मशीनला टेकवून उभी राहते. मी दोरीवरचे वाळलेले काढत होते. ती हसायला लागली. "ममा, डी माशीने कित्सेल्ट!" मशीन गुदगुल्या करतं म्हणे. मी म्हटलं, हो का, कर म्हणावं. तिने हात काढला, परत लावला, परत हसली. मोजे नव्हते पायात. केलरची फरशी ओली.

मी अजून एक टॉवेल घडी केला. मग ते वाक्य डोक्यात शिरलं.

मी तिला कशी ओढली माहीत नाही. दंडाला माझ्या बोटांचे वळ आलेत. ती रडतेय, मी ओरडतेय, स. जिन्यावरून काय झालं काय झालं. मेन स्विच पाडला, घर अंधारं. बाबा मेणबत्ती शोधत होते.

इरा ठीक आहे. डॉक्टरांना दाखवून आणलं, हृदयाचे ठोके बघितले, ठीक आहे. ठीक आहे. हे मी किती वेळा लिहिलं तरी परत लिहावंसं वाटतं.

आपत्कालीन सेवेला फोन केला. आणि आला कोण, तर जानेवारीचा टेर्मिन देणाऱ्याच कंपनीचा माणूस. आता जीवावर बेतलं तेव्हा लगेच वेळ मिळाला.

डबी उघडली, एक क्षण बघितलं, फोन काढून फोटो मारला, मग हसला. मला ते हसणं विसरता येणार नाही. म्हणाला, या घराच्या काळातल्या जर्मन केबलमध्ये लाल म्हणजे अर्थिंग. काळी फेज. करडी न्यूट्रल. आणि त्याच लाल वायरीला तुमच्या वॉशिंग मशीनचं पत्र्याचं अंग बांधलेलं आहे. इथे कुणीतरी थेर्मेचा करंट त्या लाल वायरीतून परत पाठवलाय. पुढे तिचा जुना जोड सैल, म्हणून तो मशीनच्या अंगावर येत होता. या लाइनला धक्का बसताच वीज तोडणारा स्विचही नाही. तो शब्द त्याने सावकाश उच्चारला, "लेबेन्सगेफेअरलिश." जीवघेणं.

"हे कुणी केलं?"

स. माझ्याकडे बघायला लागला. मला माहीत होतं तो काय म्हणणार. जुन्या मालकिणीचं काम असेल. ओठांवर आलंच होतं त्याच्या.

बाबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. शब्द नाही कळला, पण फोटो काढताना बघितलं होतं, सूर ऐकला होता. छातीवर हात ठेवून म्हणाले, "इश." इराने शिकवलेलं. मी.

एलेक्ट्रिकरचं हसू मावळलं. मग सगळं मलाच, त्यांच्याकडे न बघता, कायदा, इन्शुरन्स, शिक्षा. मी मधले तुकडे गाळून सांगितलं. लालचं मात्र सांगावं लागलं.

"लाल अर्थिंग?"

हो बाबा. जुन्या घरांत इथे तसं असायचं.

"लाल?"

तिसऱ्यांदाही विचारलं. मग खाली वाकून डबीकडे बघत राहिले. हात मागे बांधलेले.

२१ डिसेंबर, रविवार

बाबा जेवले नाहीत. बरं नाही म्हणाले. इरा त्यांच्या खोलीत गेली तर "जा आईकडे" म्हणून परत पाठवली. ती मला विचारते, आजोबा माझ्यावर रागावलेत का. जर्मनमध्ये विचारते, डोळे भरून.

स.शी कडाक्याचं. तो म्हणतो टेस्टर घेऊन दिला असतास तर त्यांनी तपासलं असतं. बरोबर आहे ना? मी नाही म्हणू शकत नाही, म्हणून जास्त ओरडले. मग मी म्हटलं, तू सोमवार ते गुरुवार घरी असतास तर.

पण खरं काय ते मला माहितीये. गरम घर मिळालं तेव्हा मी थेर्मे बंद केली नाही. ते चुकले जुन्या सवयीने. मी तर सगळं माहीत असून.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज दोघं एकाच वेळी केलरमध्ये हवे होते, एलेक्ट्रिकर आणि हायत्सुंगवाला, कारण एक दुसऱ्याच्या रेघेपलीकडे जात नाही. एक आला तेव्हा दुसरा नाही. दुसरा आला तेव्हा पहिला जेवायला गेलेला. मी जिन्यात उभी राहून दोघांना फोन करत होते. हसू पण येईना.

अखेर झालं. थेर्मेला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र फ्यूज, पेटीत धक्का बसायच्या आत वीज तोडणारा स्विच. केलरच्या दाराशी आणीबाणीचा लाल खटका. खोलीतल्या थर्मोस्टॅटची आणि बाहेरच्या सेन्सरची बारीक वायर मोठ्या वायरीपासून दूर, वेगळ्या पाइपातून. सगळं मोजून, लिहून, सही करून. जुनी डबी काढून टाकली, भिंतीत भोक राहिलंय.

मी बाबांना बोलवायला गेले, बघा तरी, छान केलंय काम. "असेल," म्हणाले. खाली आले नाहीत.

घर गरम. बाबांच्या अंगात स्वेटर आहेच.

२५ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी. सगळे घरात. कुणी मोठ्याने बोलत नाही.

बाबांनी चहा करायचं सोडलंय. इंडक्शनला हात लावत नाहीत. टीव्हीचा रिमोट मागतात, "लावतेस का जरा?" काल इरा बाथरूममध्ये होती, हाक मारत होती, दिवा लाव. बाबा दाराबाहेर उभे, माझ्या नावाने हाका मारतायत. खटका त्यांच्या हाताशी होता.

स. म्हणतो, वेळ दे. किती?

२९ डिसेंबर, सोमवार

ऑफिसला सुट्टी नाही मला. कीटा चालू, सुट्टीतली तात्पुरती सोय. इराला घेऊन घरी आले. इथे आता चार वाजताच अंधारून येतं. घर पूर्ण काळं. एकही खिडकी उजेडाची नाही. मला वाटलं बाहेर गेले, मग वाटलं पडले, मग काय काय वाटलं. किल्ली कुलपात जाईना.

स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेले होते. अंगात कोट. समोर वर्तमानपत्र, कराडहून येताना आणलेलं, पाठ झालेलं.

दिवा का नाही लावला बाबा?

"तू येशीलच म्हटलं."

मी खटका दाबला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

खूप राग आला. त्यांचा नाही. कुणाचा ते सांगता येत नाही. त्या एलेक्ट्रिकरच्या हसण्याचा, कॅलेंडरवाल्या बाईचा, स.चा, त्या केबलचा, माझा. भांडी आपटली. बाबा आवाज ऐकत बसून राहिले. मग म्हणाले, "समीरला विचारलंय. तिकीट अलीकडचं मिळतं का बघायला. तुम्हाला उगाच त्रास."

त्रास नाही हो बाबा.

"पोरीने हात लावला होता गं त्या मशीनला."

एवढंच. मलाही तेच दिसतं, डोळे मिटले की.

२ जानेवारी, शुक्रवार

स. म्हणतो पुढच्या आठवड्यातलं तिकीट मिळतंय, रविवारपर्यंत सांगायचंय. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, मग तू त्यांना थांबवून दाखव. वेगळ्या शब्दांत.

दिवसभर शब्द शोधले. राहा म्हटलं तर ते उपकार समजतील. तुमची चूक नाही म्हटलं तर खोटं, आणि त्यांना खोटं लगेच कळतं. माझीही चूक आहे असं मात्र मी सांगितलं, भाजी निवडताना. ते म्हणाले, "तुझी कशी?" आणि शेंगा सोलत राहिले.

४ जानेवारी, रविवार

इराच्या खोलीतला दिवा काल आला, मागवलेला. इथे घर विकताना लोक छतातले दिवेही काढून नेतात, तिच्या खोलीत अजून दोन वायरींना नुसता बल्ब लोंबतोय. एलेक्ट्रिकरला तेव्हा म्हटलं होतं, तर त्याच्या ऑर्डरमध्ये नव्हतं. स. बाहेर गेलेला, तिकिटाचं उत्तर संध्याकाळपर्यंत द्यायचंय.

इराने खोकं जमिनीवर उघडलं. ढगाच्या आकाराची काच, तीन वायरी, पिशवीत स्क्रू. तिने सगळं ओळीने मांडलं. बाबा दारात उभे होते, जाता जाता थांबलेले. मी वाकून बघत होते.

"ममा, आजोबा कान दास!" इरा म्हणाली. आजोबांना येतं हे.

बाबांना तेवढं जर्मन आता कळतं.

मी वर बघितलं नाही. मला माहीत होतं, म्हणायचंय ते हेच. हेच ते शब्द. बाबा, जरा लावून देता का. स्टूल मी धरते, फ्यूज मी काढते, वायर मी तपासते, पण लावता तुम्ही. जिभेवर होतं. आणि त्याच वेळी ती ओली फरशी, तिचे उघडे पाय, हसणं.

मग वर बघितलं. बाबा दिव्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, आधी जेवून घेऊ या.